झालेल्या कामांची कैफियत

करावयाच्या कामांची यादी मनुष्य आपखुशीने करतो; झालेल्या कामांची यादी मात्र दुसऱ्या कोणी मागितल्याखेरीज तो सहसा करीत नाही. सायंकाळच्या चहाचा पेला हाती घेऊन, केवळ आत्मज्ञानाच्या ओढीने, "गेल्या पंधरवड्यात आपल्या हातून काय काय पार पडले?" असा प्रश्न स्वतःस घालणारा आणि त्याचे तारीखवार उत्तर लिहून काढणारा गृहस्थ निदान मुलुंड पूर्वेत तरी माझ्या पाहण्यात नाही. हा प्रश्न नेहमी समोरून येतो. विचारणारा कधी कचेरीतला साहेब असतो, कधी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पहिल्या रांगेत चष्मा पुसत बसलेला तिसऱ्या मजल्यावरचा सभासद असतो, आणि कधी, जेथील निकालावर अपील चालत नाही अशा स्वयंपाकघरातून तो येतो. म्हणून माझे असे मत झाले आहे की, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत झालेल्या कामांची यादी दिसावयास अहवाल असली तरी मुळात ती कैफियत असते. आणि कैफियत वाचताना लिहिणाराने काय लिहिले यापेक्षा त्याने कोणत्या तारखेपासून लिहावयास आरंभ केला हे आधी पाहावे.

उपनगरवासीयाला ही कैफियत विशेष जड जाते. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर असो वा आमचे मुलुंड असो, येथील माणसाच्या जागृत आयुष्याचा मोठा हिस्सा लोखंडी कांब धरून उभे राहण्यात खर्ची पडतो, आणि प्रवास हे काम नव्हे असा मालक, सरकार आणि कुटुंब या तिघांचा दुर्मिळ एकमताचा निर्णय आहे. रात्री नऊला दारात चपला काढणाऱ्या माणसास "आज काय केलंत?" म्हणून विचारले असता त्याचे प्रामाणिक उत्तर "गेलो आणि आलो" एवढेच असू शकते, परंतु हे उत्तर कोणत्याही दफ्तरी दाखल करून घेत नाहीत.

झालेल्या गोष्टी मजकुराच्या रूपाने तारखेखाली टिपून ठेवण्याचे आमच्या घरचे साधन म्हणजे कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केले तेव्हा तिथी, नक्षत्रे, एकादश्या आणि संकष्टीचा चंद्रोदय लोकांना कळावा एवढाच त्यांचा हेतू असावा. पण प्रत्येक चौकटीत या सर्वांस पुरून उरलेल्या बोटभर रिकाम्या जागेचा मराठी गृहिणीने जो उपयोग केला, तो पाहून कोणाही फडणिसाने मुजरा करावा. "गॅस लावला", "दूध १ कमी", "बाई नाही", "बाई अर्धा दिवस", "इस्त्री १४, एक शर्ट यायचा". महिनाअखेर आमची सौभाग्यवती खुर्ची ओढून भिंतीपाशी बसते, पेन्सिलीचे टोक एक तारखेवर ठेवते आणि इस्तकबिल एक लगायत अखेर असे ओळीने सरकवीत नेते. टोक तीस तारखेस पोहोचते तेव्हा बाईचे खाडे, दूधवाल्याची बाकी आणि सिलिंडर किती दिवस चालला याचा निवाडा तयार असतो. जानेवारीत नवे कालनिर्णय येते तेव्हा जुने काढीत नाहीत. त्याच खिळ्यावर ते नव्याच्या आड जाते. त्यामुळे "मागच्या दिवाळीत गॅस कधी लावला होता?" असा दोन सालांना स्पर्श करणारा प्रश्न निघाल्यास फक्त पाने वर उचलून धरण्यास एक माणूस लागतो. तो माणूस मी.

या विद्येत आमच्या घरात प्रतिस्पर्धी निर्माण झाला तो माझ्या भाच्याच्या रूपाने. हा मुलगा मुलुंडहून गाडीने घाटकोपरला जातो, तेथील पुलावर आपले प्राण आणि डबा सांभाळीत मेट्रो पकडतो, मरोळ नाक्याला उतरतो आणि सीप्झमधील एका कचेरीत दिवसभर संगणकापुढे बसतो. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून त्याचा वेळ वाचतो असे तो सांगतो. वाचलेला वेळ तो घाटकोपरच्या रांगेत जमा करतो. दर शुक्रवारी त्याच्याकडून सात दिवसांत झालेल्या कामांची यादी मागितली जाते, आणि या यादीसाठी त्याने जे दफ्तर घातले आहे त्याचे नाव ऑर्ग-मोड.

हे दफ्तर म्हणजे साधा मजकूर. रंग नाही, चौकटी नाहीत, चित्रे नाहीत. ईमॅक्स नावाचा एक मजकूर-संपादक १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत एमआयटीत उभा केला. त्याच्या पोटात २००३ साली कार्स्टन डोमिनिक या नेदरलँड्समधील खगोलशास्त्रज्ञाने आपल्या टिपणांची सोय म्हणून ऑर्ग-मोड वसवले, आणि २००७ पासून ते ईमॅक्सबरोबरच मिळू लागले. आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करणाराने कागदावरही तारेच वापरले आहेत: ओळीच्या आरंभी एक तारा म्हणजे प्रकरण, दोन म्हणजे पोटप्रकरण, तीन म्हणजे त्याच्याही पोटातले. हॉटेलांच्या उलट येथे तारे वाढले की दर्जा घसरतो. कामाच्या मागे "टू-डू" हा शब्द लागतो, काम झाले की दोन कळा दाबाव्या, तोच शब्द "डन" होतो, आणि खाली "क्लोज्ड" म्हणून वार, तारीख व वेळ यांचा शिक्का उमटतो. अमुक तारखांच्या दरम्यान शिक्का पडलेली कामे तेवढी काढून दे म्हटले की यंत्र ती निमिषात पुढे मांडते. ज्यांस एवढाही पसारा नको, त्यांच्यासाठी जीना ट्रापानी या बाईंनी २००६ साली "टूडू डॉट टीएक्सटी" नावाची आणखी विरक्त पद्धत काढली: एका ओळीत एक काम, झाले की ओळीच्या आरंभी इंग्रजी एक्स आणि पुढे तारीख. एवढाच संसार.

या सर्व पद्धतींत तारीख लिहिताना साल आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम पाळतात, आणि त्यातले शहाणपण मला आमच्या संस्थेच्या आवक-जावक वहीमुळे कळले. आपण दिवस आधी लिहितो. त्यामुळे ती वही आमच्या चिटणिसांनी हौसेने संगणकावर चढवून "क्रमाने लाव" अशी आज्ञा केली, तेव्हा एक जानेवारीनंतर एक फेब्रुवारी, मग एक मार्च असे साऱ्या महिन्यांचे पहिले दिवस एकत्र येऊन बसले. आणि गळतीची तक्रार प्लंबरच्या बिलानंतर आली असे दिसू लागले. प्लंबरच्या बाबतीत हे अगदीच असंभव नसल्यामुळे काही दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. साल आधी लिहिले असते तर अक्षरांचा क्रम तोच काळाचा क्रम झाला असता.

भाच्याच्या दफ्तराकडे पाहताना मला आठवण झाली ती पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची. त्या दफ्तरात रोजच्या घडामोडी आणि जमाखर्च तारीखवार रोजकीर्दीत लिहीत, आणि मग त्याच नोंदी विषयवार निवडून खतावणीत चढवीत. एकबेरीज दफ्तर या खात्याचे कारकून सर्व विभागांचे हिशेब गोळा करून त्यांचे वर्गवार तर्जुमे तयार करीत. गणेश चिमणाजी वाडांनी या रोजनिश्यांतून वेचलेले भाग विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाले. पुढे १९३० पासून गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. म्हणजे आपल्या पूर्वजांस आधी तारीख आणि मग विषय असा प्रवास करावा लागे, आणि त्यासाठी पदरी कारकून असत. माझा भाचा उलट्या दिशेने जातो. तो कामे विषयवार लिहितो (घर, कचेरी, संस्था, मामीची कामे), म्हणजे खतावणीच आधी घालतो. आणि तारखांची मुदत सांगितली की यंत्र तिच्यातून रोजकीर्द उपसून देते. यात वेळ किती वाचतो ते उघड आहे. परंतु अस्सल रोजकीर्दीत जे झाले ते त्याच दिवशी बसल्या बैठकीला लिहिले जाई. उपसून काढलेल्या रोजकीर्दीत जे झाले म्हणून आपण कळ दाबली, तेवढेच येते. काम मंगळवारी झाले आणि कळ शुक्रवारी दाबली, तर इतिहासात ते शुक्रवारी झाले. भाच्याच्या याद्यांत शुक्रवारी दुपारी चार ते पाच या तासात मनुष्यशक्तीबाहेरची कामगिरी झालेली दिसते, तिचे कारण हे.

आणखी एक गंमत अशी की, हे यंत्र मुळात शिक्का मारीतच नाही. काम झाले हे ते मान्य करते, केव्हा झाले हे विचारण्याचा उद्धटपणा करीत नाही. तारीख हवी असल्यास तसे फर्मान मालकाने एकदा लिहून ठेवावे लागते. भाच्याला हे फर्मान उशिरा समजले. त्यामुळे त्याच्या दफ्तरात आरंभीची कित्येक कामे झालेली आहेत परंतु कोणत्याही दिवशी झालेली नाहीत. आणि तारखांची कोणतीही मुदत घातली, अगदी सृष्टीच्या उत्पत्तीपासून आजतागायत घातली, तरी ती यादीत येत नाहीत. आमच्या विभागातील काही गटारांच्या दुरुस्त्याही याच वर्गातल्या असाव्यात असा माझा तर्क आहे.

"रद्द" या शेऱ्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. जे काम करावयाचे नाही असे ठरले त्यावर "रद्द" असा शेरा मारण्याची सोय भाच्याने करून घेतली आहे. पण यंत्राच्या दृष्टीने "झाले" आणि "रद्द" ही दोन्ही एकाच पंक्तीत जेवतात. काम संपले, कसे संपले याच्याशी त्यास कर्तव्य नाही. तोही शिक्का, तीही तारीख. मुदत घालून यादी काढली की पार पडलेल्या आणि पडून गेलेल्या अशा दोन्ही कामांची वरात एकत्र निघते, आणि शेरा न वाचणाऱ्या साहेबास सगळेच वऱ्हाडी वाटतात. भाच्याला मी याबद्दल छेडले तेव्हा तो म्हणाला, "मामा, एखादं काम करायचं नाही हे ठरवायला तीन मीटिंगा लागतात. ते काय काम नाही?" सहकारी गृहनिर्माण संस्थेत इतकी वर्षे काढलेल्या मला याचा प्रतिवाद करता आला नाही.

त्या संस्थेकडेच आता येतो, कारण खरा जाबसाल तेथेच झाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० बरहुकूम आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि ती शेवटल्या रविवारी घेण्याची आमची परंपरा आहे. चिटणिसांनी वर्षभरातली संस्थेची कामे भाच्याच्या दफ्तरात वेळोवेळी सांगून लिहवली होती. "बाळ, १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत समितीने जे जे केलं ते छापून दे," अशी आज्ञा झाली. भाच्याने मुदत घातली, यादी निघाली, आणि चिटणिसांचा चेहरा उतरला. ज्यांनी कोणतीही समिती जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की समितीचे वर्ष बारा महिन्यांचे असले तरी तिचा कामाचा दिवस एकच, ३१ मार्च. त्या दिवशी विम्याचा हप्ता भरला होता, लिफ्टच्या देखभालीचे कंत्राट पुढे चालू केले होते, टाक्या धुऊन घेतल्या होत्या, थकबाकीदारांना नोटिसा धाडल्या होत्या; आणि यादीत यातले एक अक्षर नव्हते. ३० मार्चनंतर जणू जगबुडी झाली होती.

कारण शोधण्यात भाच्याची रात्र गेली, आणि सापडले ते असे. "३१ मार्चपर्यंत" असे नुसत्या तारखेने सांगितले असता यंत्र त्याचा अर्थ ३१ मार्चच्या आरंभापर्यंत, म्हणजे आदल्या मध्यरात्रीच्या ठोक्यापर्यंत, असा घेते. त्यानंतर दिवसभरात वेळेसकट पडलेला प्रत्येक शिक्का मुदतीबाहेर. सकाळी सव्वादहाचा विमाही बाहेर, संध्याकाळच्या टाक्याही बाहेर. ज्या देशात सारा राज्यकारभार, अनुदानांचा खर्च, बिलांचा निपटारा आणि कारकुनांचे हृदयविकार ३१ मार्चच्या दुपारी एकवटतात, त्या देशात हे यंत्र कोणी न तपासता सरकारी कचेऱ्यांत बसवले तर प्रजासत्ताकाने वर्षभर काहीच केले नाही असा अहवाल निघेल. उपाय सोपा होता: "१ एप्रिलच्या आधी" असे सांगावयाचे. यादी पुन्हा निघाली, ३१ मार्च प्रकट झाला, चिटणिसांच्या मुखावर रंग आला.

तरी ती यादी आखूडच होती, आणि तिचे आखूडपण प्रथम कळले ते पाण्याचा पेला ठेवण्यास आलेल्या आमच्या सौभाग्यवतीस. तिने कागदावरून नजर फिरवली आणि विचारले, "यात रोजचा पंप कुठाय? जिन्याची झाडलोट? रात्रीचे दिवे?"

भाचा अडखळला. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांची या यंत्रात मोठी विलक्षण गती आहे. पंप रोज चालवायचा, म्हणून ते काम "रोज" असे आवर्तन लावून लिहिलेले. संध्याकाळी पहारेकऱ्याचा फोन आला की भाचा कळ दाबून ते "झाले" करतो. क्षणभर ते झालेले दिसते, आणि त्याच क्षणी यंत्र त्यास उद्याची तारीख चिकटवून पुन्हा "करावयाचे" करून ठेवते. समाप्तीचा शिक्का त्यावर राहतच नाही. अमुक दिवशी केले होते एवढी एक ओळ त्याच्या पोटात आत कोठे तरी पडून राहते, आणि झालेल्या कामांची सरधोपट यादी मागितली असता ती ओळ येत नाही.

"म्हणजे जे एकदा केलं ते काम," सौभाग्यवती म्हणाली, "आणि जे तीनशे पासष्ट वेळा केलं ते नाही."

"तसं नाही मामी, आधी एक जादा कळ दाबून लॉग मागितला तर तेही दिसतं. नेहमीच्या लॉगमध्ये ते नसतं, इतकंच."

"तेच म्हणतेय मी. जादा कळ दाबेपर्यंत दिसत नाही." आणि ती आत गेली. कणीक मळण्याचा आवाज त्या सायंकाळी नेहमीपेक्षा मोठा आला असे मला वाटले. भाच्यालाही तसे वाटले असावे, कारण त्याने जादा कळ दाबली.

पडदा भरून वाहू लागला. पंप, झाडलोट, दिवे, पंप, झाडलोट, दिवे; एप्रिलपासून मार्चपर्यंत एकसारखी पाने. ज्या चिटणिसांना कामे कमी पडत होती त्यांना आता कागद कमी पडू लागला. त्यांनी हे सर्व परिशिष्ट म्हणून जोडण्याचे ठरवले, आणि झेरॉक्सचा खर्च संस्थेच्या किरकोळ खात्यातून व्हावा अशी तरतूदही करून ठेवली.

सभेत ते परिशिष्ट वाटले गेले. साधारणपणे अशा सभेत माणसे चहा आणि समोसे येईपर्यंत कागदाने वारा घेतात. पण तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदांनी चष्मा पुसला, तो चढवला आणि पेन्सिलीने एकेक पंप मोजावयास घेतला. विषय क्रमांक दोन चालू असता ते उभे राहिले. "मे महिन्यात एका गुरुवारी पंप नाही. समितीने खुलासा करावा." पहारेकऱ्याला बोलावणे गेले. त्याने टोपी काढून सांगितले, "साहेब, त्या दिवशी पाणीच नव्हतं आलं. पंप काय हवेवर चालवायचा?"

खुलासा समाधानकारक होता, पण तो दफ्तरी कसा दाखल करावा यावर वाद पडला. एक पक्ष म्हणाला की पंप चालवण्यास पहारेकरी तयार होता, सबब काम झाले असे धरावे. दुसरा म्हणाला की पाणी आले नाही तो दोष महापालिकेचा, सबब काम प्रलंबित ठेवून टी विभागाकडे पाठपुरावा करावा. खजिनदारांनी त्या दिवसाची वीज वाचली हे लक्षात घेऊन ते काटकसरीच्या सदराखाली दाखवण्याची सूचना केली. समोशांचा वास जिन्यावरून येऊ लागला तेव्हा अध्यक्षांनी तडजोड सुचवली आणि ती एकमताने संमत झाली. भाच्याने तेथल्या तेथे "मे महिन्यातील त्या गुरुवारी पंप चालवणे" असे स्वतंत्र काम लिहिले, त्यावर "रद्द" असा शेरा मारला, आणि यंत्राने त्याखाली सप्टेंबरमधील त्या रविवारची तारीख आणि सायंकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे असा शिक्का उठवला. त्यामुळे त्या गुरुवारी न चालवलेला पंप आता चालू वर्षाच्या यादीत पडला असून, पुढील वार्षिक सभेपुढे समितीने पार पाडलेल्या कामांत तो यथाक्रम सादर होईल.